होड्यांमधलं वायरलेस नेटवर्क : रत्नागिरीत राहून केलेली पीएच.डी.

मार्च 2025 मध्ये माझी मौखिक परीक्षा झाली. त्यानंतर किनारपट्टीवरच्या कॉलेजांत शिकवणाऱ्या तिघा-चौघांनी विचारलं की नोकरी करून, रत्नागिरीत राहून, समुद्रावर यंत्रं ठेवून हे जमवलं कसं. फोनवर प्रत्येकाला तुकड्यातुकड्यांत सांगण्यापेक्षा सगळं एकदा क्रमाने लिहून ठेवते आहे. कागदपत्रांचा भाग मुद्दाम सविस्तर लिहिला आहे, कारण सुरुवातीला तोच सांगणारं मला कुणी भेटलं नव्हतं.

विषय आधी थोडक्यात. मोबाइलचा टॉवर नाही, राउटर नाही, इंटरनेट नाही. आहेत ती फक्त एकमेकांच्या आसपास फिरणारी यंत्रं. ती थेट एकमेकांशी वायरलेसने बोलतात आणि लांबच्याचा निरोप मधल्याकडून पुढे जातो. यालाच अ‍ॅड हॉक नेटवर्क म्हणतात. अशा नेटवर्कमध्ये एका यंत्राकडे जड गणित आलं आणि त्याची ताकद किंवा बॅटरी कमी असली, तर ते काम शेजाऱ्यांपैकी कुणाला द्यायचं? आणि शेजारीच हलत असेल तर? माझा प्रबंध एवढ्या प्रश्नावर आहे.

डिसेंबर 2018 मध्ये पेट, म्हणजे पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा, दिली. पुढच्या वर्षी मुलाखत झाली आणि ऑगस्ट 2019 मध्ये नोंदणीचं पत्र हातात आलं. माझी नोंदणी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2016 च्या नियमांखालची. हे लक्षात ठेवणं महत्त्वाचं, कारण 7 नोव्हेंबर 2022 ला नवे नियम आले आणि त्याआधी नोंदणी झालेल्यांना जुनेच लागू राहिले. जुन्या नियमांत प्रबंध देण्याआधी निदान एक शोधनिबंध आणि परिषदांमधली दोन सादरीकरणं लागतात. नव्यात ती सक्ती नाही. ग्रुपवर येणारे सल्ले दोन्ही नियमांची सरमिसळ करतात. आपल्या पत्रावरची तारीख बघा आणि त्याच वर्षीची मूळ अधिसूचना छापून फाइलला लावा. कमाल मुदत सहा वर्षांची आहे, स्त्रियांना आणखी दोन वर्षांची सवलत मिळते, शिवाय प्रसूती आणि बालसंगोपनासाठी 240 दिवसांपर्यंतची रजा. ही सवलत मला वापरावी लागली नाही, पण ती आहे हे माहीत असल्याने दुसऱ्या वर्षी मुलगा आजारी पडला तेव्हा धीर टिकला.

कोर्सवर्क टाळेबंदीत अडकलं आणि परीक्षा ऑनलाइन झाली. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही.

माझ्या मूळ प्रस्तावात रस्त्यावरच्या गाड्या होत्या, कारण अशा नेटवर्कवरचं बरंच संशोधन गाड्यांवर, ड्रोनवर किंवा सैन्याच्या तुकड्यांवर झालेलं आहे. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-मुरुडच्या बाजूला जमिनीवर आलं. माझी नणंद दापोलीत असते. त्यानंतर कित्येक दिवस तिच्याशी बोलणं झालं नाही. वीज नाही, टॉवर बंद. शेवटी मंडणगडहून आलेल्या एका ओळखीच्या माणसाने सगळे बरे असल्याचं सांगितलं. किनाऱ्यावर टॉवर पडले तर माणसं निदान चालत जाऊन निरोप देतात. पण आमच्याच मिरकरवाडा बंदरातून सुटणाऱ्या होड्या तर चांगल्या दिवशीही थोडं आत गेल्या की रेंजच्या बाहेर असतात. मग गाड्यांऐवजी होड्या घ्यायच्या, असं मी मार्गदर्शकांना सुचवलं. त्यांनी एकच विचारलं, "होडीवर गणित कसलं करणार?"

उत्तर शोधायला बंदरावर जाऊ लागले. पहाटे लिलावाच्या वेळी कुणाला बोलायला वेळ नसतो; दुपारी चारनंतर जाळी विणत बसलेली माणसं निवांत भेटतात. तिथे समजलं की डेकवर आलेल्या मासळीची नोंद, म्हणजे कोणती जात, किती, केवढ्या आकाराची, ही बंदरावर घाईत आणि अंदाजाने होते. डेकवरच फोटो काढून त्यातले बांगडे, सुरमई, पापलेट ओळखता आणि मोजता आले तर नोंद नीट होईल. पण फोटोतली मासळी ओळखणारं मॉडेल छोट्या यंत्राला जड जातं. मोठ्या ट्रॉलरवर इंजिन चालू, वीज मुबलक. छोट्या गिलनेटच्या, म्हणजे पाण्यात जाळं सोडून मासळी अडकायची वाट बघणाऱ्या, होडीवर एक बॅटरी आणि दिवा. म्हणजे काम वाटून घेण्याची खरीखुरी गरज होती.

शीर्षक बदलायला संशोधन सल्लागार समितीची शिफारस लागते आणि समिती सहा महिन्यांनी बसते. आमची बैठक एकदा पुढे गेली, त्यामुळे 'वाहने' च्या जागी 'मासेमारी नौका' यायला 2021 चा जानेवारी उजाडला. वाट बघताना काम थांबवू नका. समितीच्या इतिवृत्तावर सगळ्या सभासदांच्या सह्या झालेली प्रत त्याच दिवशी मागून घ्या. नंतर एखादे सर बदलून जातात आणि एका सहीसाठी गावोगाव फिरायची वेळ येते.

2021 चं वर्ष सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी प्रयोगांत गेलं. मी एनएस-3 नावाचं नेटवर्क-सिम्युलेशनचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे, मुक्त स्रोत आहे आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. बहुतेक निबंधांत यंत्रांच्या हालचालीसाठी 'रँडम वेपॉइंट' नावाचं मॉडेल असतं: यंत्र कुठलाही एक बिंदू निवडतं, कुठल्याही वेगाने सरळ तिथे जातं, थोडं थांबतं, पुन्हा दुसरा बिंदू. 1996 पासून ते रूढ आहे. 2003 मध्ये यून, लिऊ आणि नोबल यांनी दाखवून दिलं की किमान वेग शून्य ठेवला तर या मॉडेलमधला सरासरी वेग काळाबरोबर घसरतच जातो, आणि त्यावरून काढलेले निष्कर्ष फसवे ठरतात. तो निबंध वाचून मी ठरवलं की खऱ्या होड्यांच्या हालचालीशिवाय लिहायचं नाही. कुठलीही होडी 'कुठल्याही बिंदूकडे' जात नाही. ट्रॉलर जाळं ओढत दोन-तीन नॉटच्या (नॉट हे समुद्रावरच्या वेगाचं माप) वेगाने तासन्‌तास जवळजवळ सरळ जातो. गिलनेटवाले जाळं सोडून इंजिन बंद करतात आणि पाण्याच्या ओढीबरोबर वाहत राहतात. परतीला सगळ्यांची तोंडं बंदराकडे. या तीन चालींत माझा अर्धा प्रबंध होता, पण तेव्हा तो अजून दिसायचा होता.

दरम्यान मे 2021 मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं, आणि जून-जुलैत बंदी. महाराष्ट्राच्या समुद्रात 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या शाकारलेल्या असतात, खलाशी आपापल्या गावी गेलेले असतात. ऑगस्टमध्ये नियमाने होड्या सुटतात, नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला जातो, पण पाणी शांत व्हायला सप्टेंबर-ऑक्टोबर येतो. किनाऱ्यावर संशोधन करणाऱ्याने आपलं वेळापत्रक विद्यापीठाच्या सत्रांवर न बेतता या पंचांगावर बेतावं. बंदीचे दोन महिने टेबलावरच्या कामाला, ऑक्टोबर ते मे समुद्राला. परवानग्यांचे अर्ज जूनमध्येच द्यावेत, तेव्हा बंदरावरच्या कार्यालयांत गर्दी कमी असते.

होड्यांच्या खऱ्या चाली मोजायला प्रत्येक होडीवर एका पेटीत बसवलेलं यंत्र ठेवायचं होतं. त्याच्या परवानग्यांची हकीकत अशी. मला लागलेले कागद: कॉलेजच्या प्राचार्यांचं पत्र, मार्गदर्शकांचं पत्र, मत्स्यव्यवसाय खात्याच्या जिल्हा कार्यालयाचं ना हरकत पत्र, सागरी पोलिसांना माहितीचं पत्र, मच्छीमार सोसायटीचा ठराव आणि प्रत्येक मालकाचं संमतीपत्र. 2008 नंतर किनाऱ्यावर सुरक्षेची जागरूकता वाढली आहे आणि अँटेना लावलेली अनोळखी पेटी कुणाच्याही नजरेत भरते. त्यामुळे 'ही पेटी काय आहे' हे एका पानात, मराठीत, पेटीच्या फोटोसह लिहून नेलं. या पानाने सगळ्यात जास्त काम केलं. एका कार्यालयात माझा अर्ज तीन महिने एकाच टेबलावर होता. तिथल्या ताईंनी शेवटी सांगितलं की 'वायरलेस' शब्द वाचून कुणाकडे पाठवायचा तेच ठरत नाहीये. मग मी नव्या अर्जासोबत वारंवारतेचा खुलासा जोडला आणि तो आठवड्याभरात सुटला.

तो खुलासा तुमच्याही कामाला येईल. भारतात 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा, म्हणजे साधं वाय-फाय, परवानामुक्त आहे. केंद्राची अधिसूचना जानेवारी 2005 ची आहे. प्रक्षेपकाची शक्ती जास्तीत जास्त 1 वॉट आणि अँटेना धरून 4 वॉट, ही मर्यादा. परवाना लागत नसला तरी उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. परदेशी संकेतस्थळावरून स्वस्तात मॉड्यूल मागवण्यापेक्षा ईटीए असलेलं इथल्या विक्रेत्याकडून घ्या आणि प्रमाणपत्राची प्रत बिलाबरोबर मागा. सॅटेलाइट फोनच्या वाटेला अजिबात जाऊ नका, विनापरवानगी तो बाळगणं हाच गुन्हा आहे.

संमतीपत्राच्या वेळी जे झालं त्याने माझ्या कामाची दिशा ठरवली. मिरकरवाड्यातल्या एका मालक चाचांनी सगळं ऐकून घेतलं, पेटी उचलून बघितली आणि म्हणाले, "म्याडम, पेटी ठेवा, माझं काय जातंय? पण मी जाळं कुठं टाकतो ते तुमच्या पेटीनं कुणाला सांगायचं नाय."

बरोबरच होतं. मासळीची जागा ही त्या घराची कमाई आहे, वडिलांकडून मुलाकडे आलेली. आणि माझ्या पेटीत तर जीपीएस बसवलेलं. त्या संध्याकाळी वही घेऊन बसले आणि एक गोष्ट उलगडली: दोन होड्या एकमेकींच्या रेंजमध्ये किती वेळ राहणार हे काढायला त्या पृथ्वीवर नेमक्या कुठे आहेत याची गरजच नाही. एकीपासून दुसरी किती अंतरावर, कुठल्या दिशेला आणि सापेक्ष वेग किती, एवढं पुरतं. रेंजमधल्या होड्या एकमेकींना डोळ्यांनी दिसतच असतात, त्यामुळे त्यांच्यात क्षणापुरती स्थाननिश्चितीची देवाणघेवाण झाली तर नवं काही फुटत नाही. जपायची असते ती साठवलेली नोंद. म्हणून पेटी प्रत्येक फेरीला एक गुप्त आरंभबिंदू घ्यायची, सगळे आकडे त्यापासून मोजून ठेवायची आणि फेरी संपली की आरंभबिंदू पुसून टाकायची. माझ्याकडे आलेल्या फायलींवरून मला स्वतःलाही जागा काढता येत नव्हती. हे मी संमतीपत्रात साध्या भाषेत लिहिलं, चाचांना वाचून दाखवलं, आणि मग बाकीच्या मालकांना चाचाच पटवून देऊ लागले. मी एकटी फिरले असते तर इतकी दारं उघडली नसती. रत्नागिरीच्या होड्यांवर नेपाळचे खलाशीही पुष्कळ असतात, त्यांना हिंदीतून समजावलं. सही मालकाची असली तरी पेटीशेजारी झोपणारा माणूस खलाशी असतो, त्याला विचारलंच पाहिजे.

खरेदीला 2022 चा बराचसा भाग गेला. तेव्हा जगभर चिपटंचाई होती आणि रास्पबेरी पाय 4 हा छोटा संगणक (पुढे नुसता 'पाय') मिळत नव्हता. मिळाला तर दीडपट-दुप्पट भावाने. कॉलेजने संशोधनासाठी थोडे पैसे मंजूर केले होते, पण तीन कोटेशनं हवीत आणि तिन्ही विक्रेते 'माल आल्यावर सांगतो' म्हणणारे. एका होडीचा संच, म्हणजे पाय, यूएसबी वाय-फाय, जीपीएस, बॅटरी, पेटी, अँटेना धरून साधारण 15 हजारांना पडला. कॉलेजच्या पैशांत निम्मे संच आले, उरलेले मी घातले. आठ होड्यांपुरतं जुळायला दिवाळी जवळ आली. शेवटी हिशेबाचं वापर प्रमाणपत्र सनदी लेखापालाच्या सहीने द्यावं लागतं. जीएसटीचं बिल नसेल तर तो खर्च धरला जात नाही, म्हणून दहा रुपयांच्या केबलचंही पक्कं बिल घ्या.

यंत्राबद्दल काही गोष्टी, ज्या दुकानात कुणी सांगत नाही. होडीच्या बॅटरीवर पाय थेट जोडू नये. इंजिन स्टार्ट करताना विजेचा दाब खाली जातो आणि यंत्र बंद पडतं. वेगळी लिथियम फेरो-फॉस्फेट बॅटरी आणि चांगला कन्व्हर्टर लावावा. एसडी कार्डची मूळ प्रणाली फक्त वाचण्यापुरती उघडी ठेवावी, नाहीतर वीज गेल्यावर कार्ड खराब होतं. पाय 4 ला स्वतःचं बॅटरीवरचं घड्याळ नसतं आणि समुद्रात इंटरनेट नसल्याने वेळ चुकते. जीपीएसवरून वेळ लावून घ्यावी. सगळ्या यूएसबी वाय-फायमध्ये अ‍ॅड हॉक पद्धत चालत नाही. एआर9271 चिप असलेल्यांत ती चालते. मी त्यावर बॅटमॅन-अ‍ॅडव्ह नावाची मेश प्रणाली, म्हणजे निरोप एका यंत्राकडून दुसऱ्याकडे पुढे नेणारं सॉफ्टवेअर, चालवली; ती 2011 पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. आणि खारी हवा: जोडांना सिलिकॉन ग्रीस, वरून स्वतःला चिकटणारी रबरी टेप, पेटीत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर फेरीनंतर उन्हात वाळवायच्या.

अँटेनाबद्दल जरा जास्त लिहिते, कारण इथे पैसे वाया जाण्याची शक्यता जास्त. दुकानदार 12 डीबीआयची उंच अँटेना देऊ करतो. जमिनीवर ती उत्तम. पण जितका गेन, म्हणजे लहरी एकवटण्याची डीबीआयमध्ये मोजतात ती क्षमता, जास्त तितका लहरींचा उभा पट्टा अरुंद. 12 डीबीआयला तो जेमतेम सहा-सात अंशांचा उरतो. होडी एका कुशीवरून दुसरीवर झुकली की पट्टा एकदा आकाशात, एकदा पाण्यात. 5 डीबीआयची छोटी अँटेना कमी लांब पोचते, पण होडी हलली तरी शेजाऱ्याला सोडत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. 2.4 गिगाहर्ट्झला एक किलोमीटरवर बोलायचं तर मध्यावर फ्रेनेल पट्ट्याची, म्हणजे लहरींना जायला मोकळ्या लागणाऱ्या जागेची, त्रिज्या साधारण साडेपाच मीटर भरते. छोट्या होडीची डोलकाठी तेवढी उंच नसते, म्हणजे पट्ट्याचा बराचसा भाग पाण्यात बुडालेला, आणि पाण्यावरून परावर्तित होणारी लहर मूळ लहरीला मारक ठरते. म्हणून मी भरवशाची रेंज 400 मीटर धरली. त्यापुढे कधी लागायचं, कधी नाही.

ऑक्टोबर 2022 च्या अखेरीला पेट्या समुद्रावर गेल्या. बहुतेक वेळा मी धक्क्यावरच असायचे. फेरी करून आलेल्या होडीवरून कार्ड काढायचं, नवं घालायचं, पुन्हा कॉलेज गाठून नऊचा तास घ्यायचा. होडी चालवणाऱ्या एका तांडेलकाकांनी दिवसाच्या छोट्या फेरीला मला बरोबर नेलं. गिलनेटची होडी वाहत असताना पाण्यावर किती शांतता असते आणि शेजारची होडी किती वेळ तिथेच दिसत राहते, हे त्या दिवशी मी पाहिलं. आकडे आधीच कार्डांत होते, पण त्यांचा अर्थ तिथे लागला.

तो अर्थ असा. समजा दोन होड्या समोरासमोरून प्रत्येकी 6 नॉटने येताहेत. सापेक्ष वेग 12 नॉट, म्हणजे सेकंदाला 6.2 मीटर. रेंज 400 मीटर, तर अगदी जवळून जाताना जास्तीत जास्त 800 मीटरचा सहवास: सुमारे 130 सेकंद. आता माझ्याकडे 3 एमबीचे 40 फोटो आहेत, 120 एमबी. प्रत्यक्षात सेकंदाला 6 मेगाबिट (एक एमबी म्हणजे 8 मेगाबिट) मिळाले तर नुसते पाठवायलाच 160 सेकंद लागतात. समोरच्या ट्रॉलरवर कितीही ताकदीचं यंत्र असो, काम पूर्ण पोचण्याआधीच तो गेलेला असतो. याउलट दोन गिलनेटच्या होड्या एकाच ओढीत वाहताहेत, त्यांच्या वेगात फरक पाव नॉटहूनही कमी, 0.2 नॉट धरू. तेच 800 मीटर सरायला दोन तासांहून जास्त वेळ. शेजारणीचं यंत्र मंद असलं, बॅटरी छोटी असली, तरी ती आहे. दोन तासांत मंद यंत्रसुद्धा ते काम करून उत्तर परत देतं.

काम वाटण्याच्या बऱ्याचशा पद्धती 'कुणाकडे ताकद जास्त, रांग कमी' हे पाहतात. ते एका जागी बसलेल्या यंत्रांना ठीक. हलत्या यंत्रांत पहिला प्रश्न 'कोण किती वेळ सोबत आहे' हा विचारायला हवा आणि ताकदीचा प्रश्न त्यानंतर. माझ्या प्रबंधाचं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी आजही तितक्याच आग्रहाने मांडते.

पद्धत म्हणून मी 1980 मध्ये रीड स्मिथ यांनी मांडलेली काँट्रॅक्ट नेटची चौकट घेतली: ज्याच्याकडे काम आहे तो जाहीर करतो, शेजारी बोली लावतात, तो एकाला देतो. कून यांची 1955 ची हंगेरियन पद्धत एकास एक वाटपाचं अचूक उत्तर देते, पण तिला सगळी माहिती एका जागी लागते. समुद्रावर ती गोळा होईपर्यंत शिळी होते. शिवाय एका यंत्राला अनेक कामं आणि प्रत्येकाची क्षमता वेगळी, असं झालं की प्रश्न एनपी-हार्ड वर्गात, म्हणजे आकार वाढला की अचूक उत्तर काढणं आवाक्याबाहेर जाणाऱ्या प्रश्नांत, जातो. म्हणून माझ्या बोलीत एक अट होती: सोबतीचा अंदाजित वेळ हा काम पाठवणं, करणं आणि उत्तर परत देणं यांच्या बेरजेपेक्षा पुरेसा जास्त असेल तरच बोली लावायची. अट पुरी करणाऱ्यांमध्ये मग बॅटरी आणि रांग बघायची. प्रत्येक फोटो हे स्वतंत्र काम धरलं, म्हणजे मध्येच दुवा तुटला तरी झालेले फोटो वाया जात नाहीत. आणि उत्तर तयार होईपर्यंत काम देणारी होडी निघून गेली असेल तर ते पुसायचं नाही. गावी जाणाऱ्या एसटीच्या कंडक्टरकडे दिलेल्या डब्यासारखं ते वाटेतल्या होडीकडून किंवा शेवटी बंदरावर पोचतं करायचं. फेरी संपली की सगळ्या होड्या एकाच धक्क्याला येतात, ही समुद्रावरच्या नेटवर्कला मिळालेली मोठीच सोय आहे.

दोन हंगाम मोजमाप चाललं, मे 2024 पर्यंत. काही पेट्या गंजल्या, एक जाळ्याबरोबर गेली. निबंधाची गोष्ट वेगळीच. पहिल्या नियतकालिकाने पाच महिन्यांनी 'होड्यांची संख्या कमी' म्हणून परत पाठवला. ते वाचून दोन दिवस मी वही उघडली नाही. मार्गदर्शकांनी सुचवल्याप्रमाणे खऱ्या आठ होड्यांच्या चाली वापरून सिम्युलेशनमध्ये मोठा ताफा उभा केला, दोन्ही निकाल शेजारीशेजारी ठेवले आणि दुसरीकडे पाठवला. तिथे दोन फेऱ्यांच्या दुरुस्त्यांनंतर स्वीकारला गेला. पैसे घेऊन आठवड्यात छापून देणाऱ्यांचे ईमेल या काळात रोज येत होते. थकलेल्या माणसाला ते खुणावतात. त्यांना उत्तरसुद्धा देऊ नका.

जुलै 2024 मध्ये पूर्व-सादरीकरण झालं. मग साहित्यचोरीची तपासणी. अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांप्रमाणे 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 10 ते 40 मध्ये आलं तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं. स्वतःच्या छापलेल्या निबंधातला मजकूरही साम्यात मोजला जाऊ शकतो, म्हणून ग्रंथपालांना भेटून काय वगळलं जातं ते आधी विचारा, आणि तपासणीचा अहवाल तारखेसह जपून ठेवा. सप्टेंबरमध्ये प्रबंध दिला. छपाई-बांधणीला सगळ्या प्रती मिळून सहा हजारांच्या आसपास, विद्यापीठाचं शुल्क वेगळं. देयकाची पावती, ग्रंथालयाचं ना देय पत्र, सहामाही अहवालांच्या सगळ्या प्रती, कोर्सवर्कची गुणपत्रिका: एक कागद कमी असला की खिडकीवरून परत. मुंबईची फेरी रत्नागिरीहून सोपी नाही. निघण्याआधी फोन करून यादी लिहून घ्या, आणि शक्य असेल तर एक मुक्काम धरूनच जा.

नियमाने मूल्यमापन सहा महिन्यांत व्हायचं असतं. ती वाट सगळ्यात अवघड गेली, कारण करण्यासारखं हातात काही नसतं. मी ईमेल दर महिन्याला एकच करायची, विनयाने, नोंदणी क्रमांक विषयातच लिहून.

मौखिक परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की ऑगस्ट 2024 मध्ये पालघरहून केंद्राने एक लाख मासेमारी नौकांना उपग्रहाचे ट्रान्सपाँडर देण्याची योजना सुरू केली आहे, मग तुमच्या नेटवर्कची गरज काय? मी म्हणाले, ट्रान्सपाँडर जीव वाचवण्यासाठी आहे, तो असलाच पाहिजे. त्यातून छोटे संदेश जातात. शेकडो एमबीचे फोटो पाठवायला किंवा गणित करायला तो नाही. दुसरा प्रश्न रँडम वेपॉइंटवर तुलना का नाही यावर होता. तुलना परिशिष्टात होती, पान उघडून दाखवलं. तिसरा लबाडीबद्दलचा: एखादी होडी खोटी बोली लावून काम घेत राहिली तर? याचं पूर्ण उत्तर माझ्या प्रबंधात नाही आणि मर्यादांच्या प्रकरणात तसं लिहिलं होतं. परीक्षकांनी ते प्रकरण वाचलेलं होतं. मर्यादा मोकळेपणी लिहा. तिथे झाकलेलं तेच नेमकं विचारलं जातं.

संध्याकाळी चाचांना फोन केला. "म्हणजे आता पेटी काढणार?" त्यांनी विचारलं. मोजमाप संपल्याचं पत्र सोसायटीला आणि खात्याला देऊन मी एप्रिलमध्ये सगळ्या पेट्या उतरवल्या. ज्यांनी परवानगी दिली त्यांना काम बंद झाल्याचंही लेखी कळवणं आपलं कर्तव्य आहे. तीन पेट्या चालू स्थितीत आहेत, त्यांवर आता आमचे शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी खोट्या बोलीचा प्रश्न हाताळताहेत. प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे देशातल्या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहावर, चढवायची सीडी आणि संमतीचा अर्ज ग्रंथालयात देऊन झाला आहे. तात्पुरतं (प्रोव्हिजनल) प्रमाणपत्र आलं. पदवी दीक्षान्तानंतर मिळेल, पण वेतनवाढीसाठी निकालाच्या अधिसूचनेची तारीख धरतात, तिच्या चार साक्षांकित प्रती काढून ठेवा. मराठीतलं संमतीपत्र आणि 'ही पेटी काय आहे' चं एक पान कुणाला नमुना म्हणून हवं असेल तर मागा, पाठवते.